चांदबीनं सोडलेल्या गोष्टी

भाऊबिजेला मी माहेरी चौसाळ्याला गेले होते. ओसरीवर बसून सीताफळं निवडत होते, तेवढ्यात बागवान सहज बोलल्यासारखा म्हणाला, "बाई, तुमच्या धारूरची चांदबी गेली की हो. परवा दफन झालं." हातातलं सीताफळ मी परत टोपलीत ठेवलं आणि विचारलं, "कोण चांदबी?" आता लिहितानाही याची लाज वाटते. धारूरला चांदबी एकच. पिंजाऱ्याच्या घरातली, सुईणपण करणारी. किल्ल्याच्या वाटेपासून खालच्या वेशीपर्यंत रस्त्यात जे चालतं-बोलतं माणूस भेटेल, त्यातलं निम्मं तरी तिच्या हातावर जगात आलेलं. पण बातमी दुसऱ्याच कोणाची निघावी म्हणून माणूस असं काहीतरी विचारतंच... बागवानानं माझ्याकडं पाहिलं, आणि दोन सीताफळं जास्तीची टाकली.

आता दीड महिना झाला. या पुरवणीच्या संपादकांचं पत्र आलं होतं, की तुमच्या पाहण्यातल्या एखाद्या कर्तबगार बाईवर लिहा. त्यांच्या मनात शाळा काढणारी, सभेत बोलणारी कोणीतरी असणार. माझ्या पाहण्यातली कर्तबगार बाई अंगठेबहाद्दर होती, तंबाखू खात होती, आणि तिनं आयुष्यभर काय केलं म्हणाल, तर एकेक गोष्ट करायची सोडून दिली. हे वाचून कोणाला हसू आलं तर येऊ दे. मलाही पहिल्यांदा आलं होतं.

मी सोळाव्या वर्षी धारूरला नांदायला आले. आमचे 'हे' सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, मास्तर, म्हणून मी गावाची मास्तरीण. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण माझी आई लहानपणीच गेलेली, तेव्हा सगळं सासूबाईंवर आलं. त्या वर्षी अधिक श्रावण होता. आता हे अधिक महिन्याचं प्रकरण नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आमच्याकडं काही घरांत पोटुशीचे दिवस मोजताना अधिक महिना धरत, आणि काही घरांत 'तो देवाचा महिना, पोटात कशाला मोजायचा' म्हणून सोडून देत. चांदबीच्या स्वतःच्या घरात चांद बघून महिने मोजायचे, तिथं ही भानगडच नव्हती. पण आमच्यासारख्यांच्या घरी गेली की तिला मनातल्या मनात बेरीज-वजाबाकी करावी लागे. आमच्या आळीतली बहुतेक घरं अधिक सोडणारी. आमच्या सासूबाई मात्र धरणाऱ्या.

मार्गशीर्षात एका सकाळी माझी कंबर भरून आली. चांदबीला बोलावणं गेलं. सासूबाईंनी तिला सांगितलं, "आठ भरले." चांदबी माझ्या पोटाला तेल चोळत बोटांच्या पेरांवर मोजायला लागली. हळूच, स्वतःशीच. "आट... आन् ह्यांचा अधिकाचा एक... नऊ." मी उताणी पडलेली, तिचं तोंड माझ्या तोंडापासून हातभर. मला स्वच्छ ऐकू आलं. ती एक महिना जास्त धरतेय, अधिक आमच्याकडं आधीच धरलाय, हे मला ठाऊक होतं. मी तोंड उघडलंसुद्धा. पण सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या, आणि आपले दिवस आपल्या तोंडानं सांगणारी सून म्हणजे निलाजरी... मी तोंड मिटलं. "दिवस भरलेत, बाळ आळसानं बसलंय," चांदबी म्हणाली. सासूबाईंना वाटलं, हिचा हात जुना, हिला पोटावरनं कळलं असेल. मग दुधात एरंडेल घालून आलं, आणि ते मी प्याले.

त्यानंतर जे केलं ते तेव्हा सगळ्याच सुइणी करत, कोणी वाईट मनानं करत नव्हतं. पोट वरून खाली दाबायचं. दोघींनी खांदे धरून "दे कळ, दे कळ" म्हणायचं, कळ असो की नसो. पाण्याचा घोट द्यायचा नाही. आणि शेवटी बाळामागची वार लवकर पडली नाही, तर बाळंतिणीची वेणी तिच्याच घशात कोंबून उबळ आणायची. मुलगी झाली. अंगभर लव होती आणि नखं बोटांच्या टोकापर्यंत आलेली नव्हती. चांदबीनं तिचा पंजा उजेडात धरला आणि कितीतरी वेळ ती नखं बघत राहिली. तिसऱ्या दिवशी मुलगी गेली. मी फार रडले नाही, रडायची मला भीती वाटत होती.

महिन्याभरानं चांदबी आपणहून आली. दारातूनच सासूबाईंना तिनं विचारलं, "बाई, तुमी आट सांगितलं, ते अधिक धरून का सोडून?" सासूबाई म्हणाल्या, "धरूनच की."  चांदबी तशीच आत आली, माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "बेटी, तुझी लेक माझ्या मोजणीनं गेली. एक महिना मी जास्त धरला." एवढंच. सबब नाही, नशीब नाही, अल्लाची मर्जी नाही. मी सतरा वर्षांची होते. तेव्हा मला एकच वाक्य बोलायचं होतं, 'मी ऐकलं होतं.' ते मी बोलले नाही. तिनं सगळा दोष उचलून आपल्या पदरात घातला आणि मी तो घालू दिला. पुढं कितीतरी वर्षं ही बाई माझ्या घरी येत-जात राहिली, आणि ते वाक्य माझ्या घशात तसंच राहिलं.

दुसरी एखादी असती तर गप्प बसली असती, किंवा 'आठव्याचं जगत नाही' म्हणून मोकळी झाली असती. चांदबीचं डोकं वेगळंच. ती दर पाडव्यानंतर आमच्याकडं यायची, मास्तरांना पंचांग काढायला लावायची आणि अधिक कोणत्या साली कोणता येणार ते पाठ करून जायची. ते झालं की ओसरीच्या कडेला टेकून माझ्याशी बोलत बसायची. ती उठून गेली की सासूबाई ती जागा शेणानं सारवून घेत. पोर बाहेर काढायला तिचे हात चालत, टेकायला ओसरी चालत नसे... तिला हे दिसत होतं, पण त्यावर ती कधी बोलली नाही. बोलायची ते वेगळंच. "मास्तरीण, मी एक महिना चुकले, पर खरा इचार तो न्हाई. एरंडेल मी दिलं कावून? दिवस भरलं असतं तरी द्यायचं कावून?" मी म्हणायची, "सगळ्याच देतात." "त्येच की! सगळ्या देत्यात, पर एकीलाबी ठाव न्हाई कावून. मी माझ्या सासूकडनं शिकले, तिनं तिच्या सासूकडनं. सगळ्यात पैलीला कुणी सांगितलं?" 

पुढच्या पावसाळ्यानंतर बालाघाटाच्या उतारावर धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांचे तळ, पडले, तेव्हा ही बाई मेंढ्या वितात कशा ते बघायला गेली. पुरे तीन दिवस. तिचा नवरा पिंजण खांद्यावर टाकून गावभर सांगत फिरला, की आमची बायको मेंढरांची सुईण झाली. परत आल्यावर ती थेट माझ्याकडं आली. मला वाटलं सांगेल, मुक्या जनावराला कोणी हात लावत नाही. पण तसलं सोपं काही ती सांगायची नाही. "हात लावत्यात गं. धनगर म्हातारा म्हणला, एखादीला लावाया लागतो. पर कोणत्या एखादीला, त्ये कळायला बाकीच्यांजवळ नुसतं बसाया लागतं. आमी कवा बसलो? आमी गेलो की हात घालतो."

मग तिनं सोडायला सुरुवात केली. एका वेळी एकच गोष्ट. मी म्हटलं, "सगळंच सोडून बघ की एकदम." तर माझ्यावरच डाफरली, "दोन सोडल्या तर कशानं काय झालं ते तुला सपनात येनार हाय का?" सगळ्यात आधी तिनं ती घशातली वेणी सोडली. वार पडेपर्यंत नुसती बसून राहिली, घरातल्या बायांच्या शिव्या खात. दुसऱ्या दिवशी जत्रेतून आल्यासारखी हसत आमच्या दारात. "आपसूक पडली की गं! उगं इतक्या बायांना ओकाया लावलं मी!" नंतर पाणी द्यायला लागली. मग पेज. एरंडेल सोडायला तिला वर्ष लागलं, कारण घरातल्या बाया तिच्या पाठीमागं पाजून मोकळ्या होत. आणि सगळंच काही सोडलं असंही नाही. एकदा बीडच्या दवाखान्यातली नर्सबाई दौऱ्यावर आली होती, तिच्या मागं मागं चांदबी दिवसभर फिरली, "हात आधी कावून धुता? पानी उकळून कावून?" असं विचारून त्या बिचारीला तिनं नको नको केलं. त्या दिवसापासून साबण आणि उकळलेलं पाणी तिनं जे धरलं ते मरेपर्यंत. दाबणंही तिनं सोडलं नाही. तेलगावच्या एका बाईला बाळंत झाल्यावर रक्त जायला लागलं, तेव्हा तिनं ओटीपोट चोळून चोळून ते थांबवलं. त्यावर म्हणाली, "दाबनं वाईट न्हाई. आमी येळ चुकीची धरलती."

गावात मात्र तिला बोलावणी कमी झाली. "चांदबीचा हात कचरतोय आता," "नुसती बसती, त्यापेक्षा आमची म्हातारी काय वाईट?" असं लोक बोलायला लागले. लोकांना सुईण कशी हवी, तर घामाघूम होणारी. घाम आला म्हणजे काम झालं. दोन-तीन मोठ्या घरांनी तर तेलगावची सुईण आणायला सुरुवात केली. मला कळेना, जिचं पोट यावरच चालतं ती बाई हे सगळं कशासाठी ओढवून घेतेय... की कळत होतं, आणि म्हणूनच मी तो विषय काढत नव्हते?

चार वर्षांनी मला पुन्हा दिवस राहिले. सासूबाई म्हणाल्या, "या खेपेला तेलगावची आणू. एकदा हात दाखवून अवलक्षण झालंय." सासरी आल्यापासून मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर मान वर केली. "चांदबीच पायजे," म्हटलं.  मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. सासूबाईंना वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. माझ्या मनात काय होतं ते नीट सांगता येईल असं वाटत नाही. थोडं ऋण होतं, बरीचशी भीती होती, आणि बाकीचं नुसतं कुतूहल, की ही बाई आता माझ्याजवळ बसून काय करणार.

ती उजाडताच आली. आली आणि पहिलं काम हे केलं की सासूबाईंना म्हणाली, "बाई, तुमी जरा भाईर व्हा." दार लावलं, हात धुतले, आणि मला विचारलं, "तुझं तू सांग. कवापासनं?" मला कोणी असं कधी विचारलंच नव्हतं. मी दिवसासकट सांगितलं. ती पेरांवर मोजत गेली, मोठ्यानं, प्रत्येक महिन्याला थांबून माझ्याकडं बघत. "बरोबर?" "बरोबर." मग भिंतीशी टेकून बसली आणि ओच्यातून सरकीचा कापूस काढून सरकी निवडायला लागली. म्हणाली, "हात मोकळे ऱ्हायले की पोटाकडं पळत्यात. त्यांना काम दिलेलं बरं."

दुपारी माझ्या कळा थांबल्या. बाहेर जमलेल्या बायांचा धीर सुटला. चांदबीनं त्यांना घरातली सगळी कुलपं आणि पेट्यांची झाकणं उघडायला धाडलं. बाळंतपण मोकळं व्हावं म्हणून हे करतात, तुम्हाला ठाऊकच असेल. ही रीत तिनं कधी सोडली नाही. "त्यानं कुणाचं काय जातं? बायांना काम मिळतं," म्हणायची. कुलपं संपली तशी सासूबाईंनी दाराला तोंड लावलं, "अगं ए, पोरगी हाय ना जित्ती?" "झोपलीया." "झोपलीया? बाळंतीन झोपती व्हय कुठं?" "दमली की झोपत्यात बाई. तुमीबी जरा पडा." आणि खरंच, मी झोपले होते. उठल्यावर तिनं ज्वारीची पेज पाजली, मला उठवून खोलीत फिरवलं. गुरं घरी यायच्या वेळेला दत्तू झाला. कोणी खांदे धरले नाहीत, कोणी ओरडलं नाही. नाळ गळ्याभोवती होती, तेवढ्यापुरते तिचे हात असे झपकन आले आणि गेले की मला कळलंसुद्धा नाही. लगेच तिनं त्याला माझ्या छातीशी लावलं. सासूबाई आत आल्या त्या ओरडतच, "अगं, चीक पाजायचा नसतो! तीन दिस गुळाचं पानी!" चांदबीनं मान वर न करता विचारलं, "कावून?" सासूबाईंना उत्तर आलं नाही. माझ्या माहितीत त्या बाईला उत्तर आलं नाही असं तेवढं एकदाच झालं. त्यानंतर चांदबी उठल्यावर त्यांनी ओसरी सारवली नाही. विसरल्या असतील, किंवा नसतीलही.

त्या संध्याकाळी मी सांगायला हवं होतं. दत्तू छातीशी होता, ती पाय पसरून तंबाखू मळत होती, खोलीत दुसरं कोणी नव्हतं. यापेक्षा चांगली वेळ कोणती येणार होती? मी म्हटलं, "चांदबी..." ती म्हणाली, "हां?" आणि मी म्हटलं, "पाणी दे."

असं करत करत दत्तूचं लग्न झालं, सासूबाई गेल्या, आमचे मास्तर थकले. चांदबीकडं लोक परत वळले होते. पुढं तिच्या डोळ्यांत पडदा आला, तशी तिनं सुईणपण सुनेच्या, रहिमाच्या, हातात दिलं. या श्रावणात मी तिला भेटायला गेले. बाजेवर पडली होती, दिसत काहीच नव्हतं, तरी उशाशी कापूस होता आणि बोटं सरकी शोधत होती. का कोण जाणे, त्या दिवशी मला आणखी थांबवेना. म्हटलं, "चांदबी, तू त्या वेळेला एक महिना जास्त धरलास, तो मी ऐकला होता. मला ठाऊक होतं. मी बोलले नाही. निम्मा दोष माझा होता." एका दमात सगळं बोलून टाकलं आणि मला इतकं रडू आलं, की पहिल्या लेकीसाठी न रडलेलं सगळं तेव्हा रडले.

ती सरकी निवडतच होती. म्हणाली, "मला ठाव हाय की."

"कधीपासून?"

"तू दुसऱ्या येळंला माझंच नाव घेतलंस तवापासनं. लेक गेलेली बाई त्याच सुईनीला कावून बोलावती? लई दिस इचार केला मी. मंग म्हणलं, हिनं ऐकलं असंल, म्हणून माझ्यावर राग न्हाई."

सुईणीपासून पोट लपत नाही म्हणतात. मी विचारलं, "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून बसलेली. घाई कशाला करायची?" थोड्या वेळानं तिनं हात पुढं करून माझं तोंड चाचपलं. "निम्मा-बिम्मा काय न्हाई. मी तुझ्या सासूला इचारलं, तुला कुठं इचारलं? पोटात पोर तुझं, आन् मी इचारते उंबऱ्यातलीला. सगळ्यात मोठी चूक तीच. बाकीचं काय, एरंडेल न् वेनी..."

आमचं शेवटचं बोलणं हेच. नंतर मी दिवाळीच्या गडबडीत, मग माहेरी, आणि मग ते सीताफळ.

आमची सून, सगुणा, पोटुशी आहे. मागच्या आठवड्यात मी रहिमाला बोलावलं. चांदबीबद्दल दोघी थोडं बोललो, थोडं रडलो. मग मी तिला सगळं व्यवस्थित सांगितलं. सातवा भरत आला, अमक्या महिन्यापासून, डोहाळे अमके, पोरीला पित्ताचा त्रास. चांदबीच्या हाताखालून गेलेली मी, मला का मोजता येत नाही? रहिमानं सगळं ऐकून घेतलं, हात धुतले आणि म्हणाली, "मास्तरीणबाई, तुमी जरा भाईर व्हा."

मी? मला राग आला, खरं सांगते. जिच्यामुळं हे सुरू झालं ती मी, आणि मलाच बाहेर? पण गेले. दार लागलं. माझ्याच घराच्या ओसरीत मी उभी, पदर चाळवत. आतून रहिमाचा आवाज आला, "तुझं तू सांग."  आणि मग सगुणाचा आवाज. ही पोरगी दोन वर्षांत माझ्यासमोर 'हो' आणि 'बरं'च्या पुढं गेलेली नाही. "आत्याबाईंनी सांगितलं ते बरोबर न्हाई," ती म्हणाली. "त्यांचं पंधरा दिवसांनी चुकतंय. मला म्हाईत होतं, पर त्यांच्यासमोर कसं बोलायचं..."

दाराला हात लावून मी तशीच उभी राहिले. आत ती बोलतच होती.